दाम विचारणे आणि दाम ऐकणे
(रिसोड तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



रिसोडच्या आठवडी बाजारात फ्रेंच भाषा कोणाच्या कानी पडत नाही. तेथे वऱ्हाडी बोली चालते, सेनगाव-हिंगोलीकडून आलेल्यांची मराठवाडी वळणाची मराठी चालते, हिंदी-उर्दू चालते, आणि तांड्यांवरून आलेल्या स्त्रीपुरुषांची गोरमाटी चालते. भाजीवाल्यापाशी एकजण 'कितीले' म्हणतो, दुसरा 'कितीला' म्हणतो, आणि दोघांचेही काम होते. अशा गावातील प्राथमिक शिक्षकांपुढे 'फ्रेंच भाषेत किंमत कशी विचारावी आणि बिल कसे चुकते करावे' हा विषय ठेवणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. 2020 सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकता येण्यासारख्या परकी भाषांमध्ये फ्रेंचचा उल्लेख आहे हे खरे; परंतु प्राथमिक शाळेवर तो भार कोणी घातलेला नाही, व घालावा असे येथे सुचवावयाचेही नाही.

या विषयाचे प्रयोजन निराळे आहे. परक्या भाषेतील व्यवहाराची आठ-दहा वाक्ये शिक्षकाने प्रथम स्वतः शिकून पाहावीत, ती शिकताना कोठे अडते हे टिपून ठेवावे, आणि तशीच अडचण वर्गातील मुलाला मराठीतून गणित शिकताना कोठे येते हे ताडून पाहावे, एवढाच त्यातील हेतू होय. शिक्षक होऊन बरीच वर्षे लोटली म्हणजे विद्यार्थिदशेचा विसर पडतो. नवी भाषा ही तो विसर घालविणारी चांगली मात्रा आहे.

फ्रेंच दुकानात पाऊल टाकताच प्रथम वस्तूकडे बोट दाखवावयाचे नसते. आधी नमस्कार करावयाचा असतो: 'बोंझूर, मादाम' किंवा पुरुष असल्यास 'बोंझूर, मस्यो'. हा नमस्कार न करता एकदम भाव विचारणे तेथे उद्धटपणाचे मानले जाते. त्यानंतर भाव विचारावयाचा: 'से कोंब्यँ ल किलो?' म्हणजे किलोचा काय भाव? 'कोंब्यँ' म्हणजे किती. शब्दाच्या शेवटी जो अनुनासिक स्वर आहे त्यात 'न' हे व्यंजन स्पष्ट उमटू द्यावयाचे नाही. चंद्रबिंदू त्यासाठीच दिला आहे. 'बोंझूर' यातील 'झ' हाही मराठी 'झ' नव्हे. 'श' हा अघोष वर्ण घोषयुक्त करून उच्चारला म्हणजे तो ध्वनी साधतो. घोष आणि अघोष हा भेद ज्यांनी वर्णमालेत शिकविला आहे, त्यांना हे सांगणे अवघड नाही.

माल घेऊन झाला म्हणजे एकूण रक्कम विचारावयाची: 'सा फे कोंब्यँ?' याचा शब्दशः अर्थ 'हे किती होते?' असा आहे. मराठी गिऱ्हाईक अगदी हेच विचारते: 'किती झाले?' भाव विचारताना मात्र मराठीची रीत स्वतंत्र आहे. 'कांदे किती?' असे कोणी विचारीत नाही; 'कांदे कसे दिले?' असे विचारतात. अजून काहीच दिलेले नसते, तरी क्रियापद भूतकाळी. आणि विचारावयाची असते संख्या, तरी प्रश्न 'कसे' हा. मराठी ज्याची घरची भाषा नाही त्याला हे वाक्य शब्दशः लावू गेल्यास लागणार नाही. घरच्या माणसाला त्यातील नवल जाणवतसुद्धा नाही.

पैसे देतेवेळी आणखी एक वाक्य उपयोगी पडते: 'झ व्हू द्वा कोंब्यँ?' म्हणजे 'मी आपले किती देणे लागतो?' यातील 'द्वा' हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. ऋण असणे आणि कर्तव्य असणे हे दोन्ही अर्थ फ्रेंच माणूस त्याच एका धातूने व्यक्त करतो. मराठीतील 'लागणे' असेच आहे. 'मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो' आणि 'मला ते द्यावे लागतात' या दोन वाक्यांत एकच क्रियापद ऋणही सांगते आणि कर्तव्यही सांगते. दोन दूरच्या भाषांना व्यवहारातील ही नीती एकाच शब्दात सांगाविशी वाटली, ही गोष्ट वरच्या वर्गातील मुलांना सांगण्यासारखी आहे.

भोजनगृहात बिल मागावयाचे झाल्यास 'लादिस्यों, सिल व्हू प्ले' असे म्हणतात. 'सिल व्हू प्ले' म्हणजे 'कृपा करून'. 'आदिस्यों' या शब्दाचा मूळ अर्थ 'बेरीज' असा आहे. फ्रेंच गिऱ्हाईक बिल मागताना अक्षरशः बेरीजच मागते. फ्रान्समध्ये सेवेचा आकार पदार्थांच्या लिहिलेल्या किमतीतच धरलेला असतो, त्यामुळे त्या बेरजेवर काही अधिक ठेवणे हे ऐच्छिक राहते. वस्तू महाग वाटल्यास 'से त्रो शेर' असे म्हणावे; 'शेर' म्हणजे महाग, आणि तोच शब्द 'प्रिय' या अर्थानेही योजतात. चांदी आणि पैसा यांना फ्रेंचमध्ये एकच शब्द आहे. मराठीतील 'रुपया' हा शब्दही चांदी या अर्थाच्या 'रूप्य' शब्दाशी नाते सांगतो. शेवटी 'मेर्सी', म्हणजे आभार, आणि 'ओ रव्हार', म्हणजे पुन्हा भेटू, असे म्हणून निघावे.

ही वाक्ये पाठ होण्यास एक तास पुरे. खरी परीक्षा त्यापुढे आहे. प्रश्न विचारणाऱ्याला आपला प्रश्न आधीपासून ठाऊक असतो. उत्तर मात्र दुकानदाराच्या तोंडून, त्याच्या गतीने आणि त्याच्या उच्चारात यावयाचे असते. ते उत्तर म्हणजे एक संख्या असते. ती संख्या कळली नाही तर पाठ केलेली सर्व वाक्ये व्यर्थ जातात.

फ्रेंच संख्यानामे साठपर्यंत बरीच सरळ चालतात. सत्तर म्हणजे 'साठ-दहा'. ऐंशी म्हणजे 'कात्र-व्हँ', अर्थात 'चार-वीस'. नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा', आणि सत्त्याण्णव म्हणजे 'कात्र-व्हँ-दी-सेत', अर्थात 'चार-वीस-दहा-सात'. आता चोवीस या संख्येला 'व्हँत-कात्र', म्हणजे 'वीस-चार', असे म्हणतात. शब्द तेच दोन, क्रम तेवढा बदललेला. पण एक रक्कम 24 आणि दुसरी 80. पहिल्यांदाच ऐकणाऱ्या प्रौढ, पदवीधर शिक्षकाचा हात येथे हटकून चुकतो. ऐंशीच्या जागी तो 24 लिहितो, क्वचित 420 सुद्धा लिहितो. त्याला गणित येत नाही असे मात्र कोणी म्हणत नाही.

विसांच्या या मोजणीचे जुन्या माणसांना नवल वाटणार नाही. निरक्षर परंतु हिशेबात पक्की असलेली माणसे खेड्यापाड्यांत 'तीन विसा आणि दहा' अशी मोजणी करीत आली आहेत, आणि 'पाच विसा म्हणजे शंभर' हे त्यांना पाढ्यावाचून ठाऊक असते. पॅरिसमध्ये नवव्या लुई राजाने तेराव्या शतकात तीनशे अंधांसाठी एक आश्रयस्थान स्थापिले. त्याचे नावच 'पंधरा-वीस', म्हणजे पंधरा विसा, असे पडले, आणि त्याच नावाचे नेत्ररुग्णालय तेथे आजही आहे. बेल्जियम व स्वित्झर्लंड येथील फ्रेंचभाषक मात्र सत्तर आणि नव्वद यांना स्वतंत्र, सरळ शब्द वापरतात. यावरून एवढे दिसते की, संख्येला नाव देण्याची कोणतीही एक रीत गणिताने घालून दिलेली नाही. ती रीत भाषेची असते. ती कानावर पडून पडूनच सोपी होते.

ज्या शिक्षकाचा हात 'कात्र-व्हँ' लिहिताना अडखळला, त्याने त्याच सायंकाळी दुसरीच्या मुलांच्या वह्या पुन्हा उघडाव्यात. 'पंचवीस' सांगितले असता 52 लिहिणारे मूल त्यांत सापडते. ते मूल निष्काळजी आहे, असा शेरा सहज मारला जातो. वस्तुतः त्याने नीट ऐकलेले असते. त्याच्या कानी आधी 'पंच' पडले, म्हणून त्याने आधी पाच लिहिले. नंतर 'वीस' ऐकले, म्हणून दोन लिहिले. मराठी एकक आधी उच्चारते आणि दशक आधी लिहिते, हा भाषेचा आणि लेखनाचा विरोध त्या मुलाच्या पाटीवर उमटतो. एकोणीस, एकोणतीस, एकोणनव्वद ही नावे तर पुढच्या दशकातून एक वजा करून तयार झाली आहेत, आणि नव्व्याण्णवपाशी येऊन ती रीतही मोडते.

यावर उपाय म्हणून 2019 साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशा वाचनाची रीत देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. एका पक्षाला भाषेची जुनी संपत्ती जाईल अशी भीती वाटली. दुसऱ्या पक्षाला मुलांचा व्यर्थ त्रास वाचेल अशी आशा वाटली. त्या वादाचा निकाल येथे लावावयाचा नाही. बाजाराचा निकाल मात्र स्पष्ट आहे: दुकानदार 'पंचवीस'च म्हणणार. म्हणून स्थानिक किंमत समजण्यासाठी 'वीस आणि पाच' ही फोड उपयोगी मानावी, आणि व्यवहारासाठी 'पंचवीस' हे नाव कानात पक्के बसवावे. फोड ही शिडी आहे. वर चढण्यास ती हवी, पण बाजारात ती खांद्यावर घेऊन जाता येत नाही.

मराठी दामांत याहूनही अवघड स्थळे आहेत. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे, साडेतीनशे हे शब्द बाजारात पावलोपावली येतात. 'पावणेदोनशे' ऐकून 175 ची नोटांत जुळणी करणे म्हणजे दोनशेतून पंचवीस वजा करणे होय, आणि ते दुकानदाराच्या डोळ्यांदेखत क्षणात करावयाचे असते. 'पंचावन्न' आणि 'पंच्याण्णव' हे शब्द गलबल्यात सारखे भासतात. त्यांत चाळीस रुपयांचे अंतर आहे. 'बावन्न' आणि 'ब्याण्णव' यांचेही तसेच. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबात चाळीस रुपयांना काय मोल आहे, हे या तालुक्यातील शिक्षकांना सांगावयास नको.

ही अडचण सर्वांत अधिक कोणाला भोगावी लागते? ज्याच्या घरी मराठी बोलली जात नाही त्या मुलाला. तांड्यावरून आलेले गोरमाटीभाषक मूल पहिलीत बसते, तेव्हा फ्रेंच दुकानात उभ्या राहिलेल्या मराठी शिक्षकासारखीच त्याची अवस्था असते. फरक एवढाच की शिक्षक हा प्रयोग स्वेच्छेने व एक तासापुरता करतो, आणि मुलाला तो दररोज पाच तास करावा लागतो. शिक्षक चुकला तर मंडळी हसून सोडून देतात; मूल चुकले तर त्याच्या बुद्धीविषयी मत बनविले जाते. ते मूल गप्प राहते आणि हळूहळू शाळेत येईनासे होते. ही हानी चाळीस रुपयांपेक्षा पुष्कळ मोठी आहे.

या बाबतीत मॉरिशस बेटाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 1715 पासून 1810 पर्यंत ते बेट फ्रेंचांकडे होते, त्यानंतर ते इंग्रजांकडे गेले, आणि 12 मार्च 1968 रोजी स्वतंत्र झाले. 1834 पासून तेथील उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत मुंबई इलाख्यातील, विशेषतः कोकणातील, मराठी माणसेही होती. राज्य इंग्रजांचे असले तरी बेटावरील बोलणे फ्रेंच वळणाचेच राहिले. मळ्यावर आणि दुकानात फ्रेंचपासून उत्पन्न झालेली क्रिओल भाषा चाले. 'किती?' या अर्थी 'कोम्ये?' हा तिच्यातील शब्द त्या मराठी मजुरांना पोटासाठी शिकावा लागला, आणि ऐंशीला 'चार-वीस' म्हणण्याची फ्रेंच रीतही त्यासोबतच आली. नाणे मात्र तेथेही रुपयाच होते व आजही आहे. त्यांची वंशज मुले आज घरी बहुधा क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी पुस्तके वाचतात, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये पाहतात आणि पूर्वजांची भाषा म्हणून प्राथमिक शाळेत मराठी शिकतात. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते.

इतक्या भाषांचे ओझे मुलांना होत नाही काय, अशी शंका कोणी घेईल. प्रत्येक भाषेला तिचे काम नेमून दिलेले असले आणि कोणत्याही भाषेचा उपमर्द होत नसला, तर मूल अनेक भाषा पेलू शकते. त्या देशाने 2012 साली घरोघर बोलल्या जाणाऱ्या क्रिओलला प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषयाचे स्थान दिले. घरची बोली शाळेच्या दाराबाहेर ठेवल्याने शिक्षण सुधारत नाही, हे त्यामागील तत्त्व होय. गोरमाटी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत शासनाच्या निर्णयाची वाट न पाहता प्रत्येक शिक्षकाला हे तत्त्व उद्यापासून आचरणात आणता येते. 'हे कितीला आहे?', 'किती झाले?' आणि 'सुटे परत द्या' ही तीन वाक्ये त्याने गोरमाटीत शिकावीत. ती पुस्तकातून न घेता त्या मुलाच्याच तोंडून घ्यावीत, फळ्यावर देवनागरीत लिहावीत, आणि उच्चार चुकला तर त्या मुलाकडून दुरुस्त करून घ्यावा. जे मूल काल गप्प होते, तेच त्या घटकेपुरते वर्गाचे गुरुजी होते. शिक्षकाचा मान त्याने कमी होत नाही.

किंमत सर्वांना कळेल अशा रीतीने उघड सांगितली जावी, ही गोष्ट न्यायाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमधील 'बों मार्शे' या दुकानाने प्रत्येक वस्तूवर ठरीव किंमत लिहून ठेवण्याची प्रथा रूढ केली; त्यायोगे घासाघीस न येणाऱ्यालाही इतरांइतक्याच दामात वस्तू मिळू लागली. वाशीम जिल्ह्यालाही या बाबतीत मान आहे. देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 साली कारंजा येथे स्थापन झाला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याच्या गुप्त रीतीच्या जागी उघड लिलाव यावा, वजन व हिशेब शेतकऱ्याला दिसावा, हे नियंत्रित बाजारांचे पुढे ठरलेले ध्येय होय. परंतु उघड बोललेला भाव ज्याला कळतच नाही, त्याच्यासाठी तोही रुमालाखालचाच भाव ठरतो. सोयाबीन किंवा तूर विकून बाप घरी परतल्यावर हिशेबपट्टीवरील वजन, दर, कपात आणि बेरीज मुलीने वाचून दाखवावी, हे शाळेच्या गणिताचे खरे फळ आहे.

वर्गात हे कसे साधावे? शनिवारी अर्धा तास दुकान मांडावे. खोक्याचा गल्ला, कागदी नोटा आणि चार-पाच वस्तू पुरेत. पहिला नियम असा की गिऱ्हाइकाने आधी नमस्कार करावा आणि दुकानदाराने त्याला 'तुम्ही' म्हणावे; बाजारात गरीब मुलाला एकेरी हाक मिळते, शाळेच्या दुकानात तरी ती मिळू नये. दुसरा नियम असा की किंमत तोंडीच सांगावी, लिहून दाखवू नये. तिसरा, गिऱ्हाइकाने ऐकलेली रक्कम मोठ्याने परत म्हणावी आणि मगच पैसे मोजावेत. 'पंच्याण्णव म्हणालात ना?' असे विचारण्यात कमीपणा नाही, ही सवय लावणे फार महत्त्वाचे आहे. पुष्कळ फसवणूक दुकानदाराच्या लबाडीने न होता गिऱ्हाइकाच्या संकोचाने होते. चौथा नियम, सुटे परत देताना वजाबाकी न करता चढत्या क्रमाने मोजावे: त्रेसष्टांचा माल व शंभराची नोट असेल, तर 'त्रेसष्ट, पासष्ट, सत्तर, शंभर' असे म्हणत दोन, पाच आणि तीस हातावर ठेवावेत.

नोटेचाही उपयोग करावा. भारतीय नोटेच्या मागील बाजूस तिचे मूल्य पंधरा भाषांत छापलेले असते; त्यांत मराठीची ओळ मुलांनी शोधावी. गोरमाटीची ओळ तेथे नाही, म्हणून ती मुलांनीच वहीत लिहून त्या यादीस जोडावी. आता लहान दुकानांतही फोनवरून पैसे दिले जातात आणि गल्ल्याजवळचे यंत्र मिळालेली रक्कम मोठ्याने सांगते. ती रक्कम ऐकून कागदावर अंकांत लिहिण्याचा अभ्यास मुलांना द्यावा. बोललेली संख्या ऐकण्याची ही विनामूल्य शाळाच होय.

वर्षातून एक तास फ्रेंच दुकानही मांडण्यास हरकत नाही. रिसोडच्या पश्चिमेस लोणारचे विवर आहे, आणि ते पाहण्यास परदेशी प्रवासी येत असतात. एखाद्या प्रवाशाला 'बोंझूर' म्हणण्याइतका धीर मुलाला आला तर तो लाभच समजावा. परंतु त्या तासाचा मुख्य लाभ निराळा असेल. त्या तासाला शिक्षक, वऱ्हाडी मूल, उर्दूभाषक मूल आणि तांड्यावरचे मूल सर्वजण सारखेच अडखळतील. 'चार-वीस' म्हणजे किती हे कदाचित कोणाच्या तरी आजीकडून विसा ऐकलेले मूलच सर्वांच्या आधी सांगेल. आपल्या अडखळण्याला वर्गात कोणी हसत नाही, हा अनुभव ज्या मुलाला प्रथमच आला, ते सोमवारी 'पंचवीस' लिहितानाही पाटी लपविणार नाही. तेवढे साधले तर या तासाचे सार्थक झाले असे समजावे.